दुखणारा हात म्हणजे रियाज नव्हे

मेहनतीबद्दल आपल्याकडे एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. अंग दुखल्याशिवाय विद्या येत नाही, असं आपण धरून चालतो. उस्तादांच्या गोष्टी सांगताना कुणी किती तास वाजवलं, चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात कोण खोलीबाहेर पडलं नाही, कुणाच्या बोटांतून रक्त आलं, हे अगदी रंगवून सांगितलं जातं. ऐकणारा शागिर्द त्यातून एवढंच शिकतो, की दुखतंय म्हणजे आपलं बरोबर चाललंय. गुरू-शागिर्द परंपरेबद्दल मला आदर आहे. सब्र आणि सातत्य या तिच्या देणग्या आहेत आणि त्यांना पर्याय नाही. पण वेदनेला मेहनतीची पावती मानणं ही त्या परंपरेची देणगी नाही. तो तिच्याभोवती जमलेला गैरसमज आहे आणि तो फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. युरोपात पियानो शिकवणाऱ्यांनी हाच गैरसमज शंभर-दीडशे वर्षं जोपासला आणि त्यापायी कितीतरी चांगले हात कायमचे गमावले.

म्हणून आज पियानोबद्दल लिहायचं आहे. आता मुंबई-पुण्यातल्या साध्या घरांतही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आलेला आहे. मुलं शिकवणीला जातात, लंडनच्या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा देतात. गोव्यात तर ही परंपरा चर्च आणि पॅरिश शाळांच्या काळापासूनची आहे. या मुलांना शिक्षक एक वाक्य हमखास ऐकवतात, ‘हात सैल सोड.’ मूल खांदे पाडतं, दोन मिनिटांत ते पुन्हा कानाकडे चढतात आणि शिक्षक पुन्हा तेच वाक्य म्हणतात. सैल कसं सोडायचं, कुठलं सोडायचं आणि कधी सोडायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की शरीर सैल करणं हा सूर आणि ताल यांच्याइतकाच शिकवण्याचा विषय आहे. तो पहिल्या दिवसापासून शिकवला पाहिजे. दुखायला लागल्यावर करायचा तो उपचार नव्हे.

जोर कुठे वाया जातो?

आधी वाद्याकडे बघू. पियानोला ८८ पट्ट्या असतात. एक पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. अगदी हलका आवाज काढायला साधारण पन्नास ग्रॅम वजन पुरतं. पट्टी खाली जाताना आतली यंत्रणा लाकडी हातोडी तारेकडे फेकते. फेकते हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण तारेला लागण्याच्या किंचित आधी हातोडी पट्टीपासून सुटी होते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं कापते. तिला किती वेग मिळाला यावर आवाज किती मोठा हे ठरतं. हातोडी सुटल्यावर तुम्ही पट्टी कितीही जोरानं दाबा, आवाजात तसूभर फरक पडत नाही. सूर लांबवायचा असेल तर पट्टी खाली धरून ठेवावी लागते, पण त्यासाठी बोटाचं वजनच पुरेसं असतं.

हार्मोनियम वाजवणाऱ्यांना हे पटकन कळेल. कव्वालीत किंवा भजनात पेटीचा आवाज मोठा होतो तो भात्यातल्या हवेनं. पट्टी फक्त हवेला वाट करून देते. वाट उघडल्यावर पट्टी आणखी दाबून उपयोग नसतो. तरीही नवशिक्या पेटीवाला भावनेच्या भरात पट्टीत बोट रुतवतो आणि पियानोवर बसलेलं मूलही तेच करतं. सूर वाजून गेलेला असतो आणि बोट मात्र तळाशी दाबत राहतं. पुढचा सूर येतो, त्याचा दाब आधीच्या दाबावर चढतो. अशा शंभर सुरांनंतर हात दगडासारखा होतो. बहुतेक दुखण्याचं मूळ वाजवण्यात नसतं, वाजवून झाल्यावर न सोडण्यात असतं.

आता हाताकडे बघू. उजव्या हाताची बोटं टेबलावर हलवा आणि डाव्या हातानं उजव्या कोपराखालचा भाग धरून ठेवा. हालचाल तिथे जाणवेल. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, बारीक कामं करणारे छोटे स्नायू तळहातात असतात. खुद्द बोटांमध्ये त्यांना हलवणारा स्नायूच नाही. लांबून आलेल्या दोऱ्यांनी बाहुली नाचावी तशी ती नाचतात. त्यामुळे बोटांची ताकद वाढवायची म्हणून बोटंच ताणत बसण्याला फारसा अर्थ नाही.

आणखी एक करून बघा. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट तळव्याखाली दुमडून घ्या आणि अनामिका उचलायचा प्रयत्न करा. ती जवळजवळ उचलतच नाही. तुमची अनामिका आळशी नाही. हाताच्या पाठीवरून जाणाऱ्या तिच्या दोऱ्या शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशी बांधलेल्या आहेत. ही हाडामांसाची रचना आहे, शिस्तीनं ती बदलत नाही.

प्रत्येक सांध्याला एका बाजूला वाकवणारा आणि दुसऱ्या बाजूला सरळ करणारा असे दोन्ही प्रकारचे स्नायू असतात. एक काम करतो तेव्हा दुसऱ्यानं वाट सोडायची असते. दोघं एकाच वेळी ताणले गेले, तर सांधा जागेवर थिजतो. घाबरलेलं मूल वाजवतं तेव्हा नेमकं हेच होतं. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जीव खाऊन ओढतात आणि दोर मात्र हलत नाही.

हात बांधून शिकवण्याचा काळ

पियानोचे शिक्षक हे सगळं विसरून कुठवर गेले होते, ते बघण्यासारखं आहे. १८१४ मध्ये डब्लिनमध्ये योहान बर्नहार्ड लोगिए या शिक्षकानं ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मनगट वरखाली होऊ नये म्हणून दोन दांड्या आणि बोटं सरकू नयेत म्हणून त्यांच्यासाठी वेगवेगळे कप्पे, असं ते यंत्र होतं. त्या काळातला नावाजलेला वादक कल्कब्रेनर यानं पुढे त्याचंच सोपं रूप चालवलं. मनगटाला टेकू देणारी एक दांडी, आणि हात न हलवता फक्त बोटांनी वाजवायचं. हाताच्या पाठीवर नाणं ठेवायचं आणि ते पडू न देता वाजवायला लावायचं, ही त्याच विचाराची घरगुती आवृत्ती. ती तर पुढे कितीतरी पिढ्या टिकली.

याच काळात जर्मनीत रॉबर्ट शुमान हा तरुण पियानोवादक होण्याच्या ध्यासानं पेटला होता. बोटं स्वतंत्र व्हावीत म्हणून त्यानं एक साधन वापरलं आणि तासन् तास सराव केला. १८३२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झालं. त्याचं नेमकं कारण ते साधन, अतिसराव की दुसरा एखादा आजार, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. त्यानं केलेले इलाज वाचले तर वाईट वाटतं. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या कोमट आतड्यांत हात बुडवून ठेवायचा, हा त्यांपैकी एक. काही उपयोग झाला नाही. जगाला एक थोर संगीतकार मिळाला म्हणून आपण ही गोष्ट आनंदी शेवटाची करून सांगतो, पण बावीस वर्षांच्या त्या मुलाला हवं होतं ते त्याला कधीच मिळालं नाही.

शुमानच्याच जन्मवर्षी जन्मलेला शोपाँ मात्र उलट दिशेनं विचार करत होता. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला तेव्हा कल्कब्रेनरनं त्याला तीन वर्षं आपल्याकडे शिकायला सांगितलं होतं. शोपाँनं ते नाकारलं. पुढे स्वतः शिकवताना त्यानं पहिला धडा सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सी मेजर स्केलवर दिला नाही. हात आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पाच सुरांवर ठेवायला लावला. मधली तीन लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी ही आखूड बोटं पांढऱ्यांवर. आत्ता कुठल्याही टेबलावर हात सैल टाकून बघा, त्याचा आकार असाच पडतो. शोपाँनं हाताला पियानोच्या साच्यात कोंबलं नाही, पियानोवर हाताला बसती जागा शोधली. एक विद्यार्थिनी दिवसाला सहा तास सराव करते हे कळल्यावर तो रागावला आणि तीन तासांपेक्षा जास्त वाजवायला त्यानं तिला मनाई केली. सगळीच बोटं सारख्या ताकदीची करण्याचा आटापिटाही त्याला मान्य नव्हता. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, म्हणून प्रत्येकाचा नाद वेगळा, असं तो मानत असे.

सैल म्हणजे लुळं नव्हे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवणाऱ्या टोबायस मॅथे यांनी १९०३ मध्ये स्पर्शावर मोठा ग्रंथ लिहिला. जर्मनीत रुडॉल्फ ब्राइटहाउप्ट यांनी हाताच्या वजनानं वाजवण्याचा पुरस्कार केला. बोटांच्या कवायतीतून सुटका झाल्यासारखं अनेकांना वाटलं. ‘रिलॅक्सेशन’ हा शब्द पियानोच्या जगात परवलीचा झाला. पण शिष्यांनी त्याचा सोपा अर्थ घेतला. सगळं सैल सोडा, हात पडू द्या, वजन आपोआप वाजवील.

मग अमेरिकेत बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ऑटो ऑर्टमन यांनी वादकांच्या हालचाली प्रयोगशाळेत मोजल्या आणि १९२९ मध्ये ग्रंथरूपानं मांडल्या. त्यांचा निष्कर्ष साधा होता. पूर्ण सैल हातानं पियानो वाजूच शकत नाही. बोटाचं टोक पट्टीवर आपटतं त्या क्षणी बोटाचे सांधे आणि मनगट यांना थोडं घट्ट व्हावंच लागतं, नाहीतर बोट ओल्या वातीसारखं मुडपेल. जितकं जलद आणि जितकं मोठ्यानं वाजवायचं, तितकं ते घट्ट होणं वाढतं.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण ‘सैल सोड’ या सूचनेत काय कमी आहे ते तो दाखवतो. ताण वाईट नाही. गरजेपेक्षा जास्त ताण, गरज नसलेल्या जागी ताण आणि गरज संपल्यावर उरलेला ताण, हे तीन वाईट. आपलं हृदय दर ठोक्याला आवळतं आणि दर ठोक्यानंतर सैल होतं, म्हणून ते आयुष्यभर थकत नाही. हातालाही हीच लय शिकवायची असते. सैल होणं ही स्थिती नाही, ती वेळ साधण्याची गोष्ट आहे. आणि वेळ साधायला व्यायाम लागतो.

घरी करता येतील असे व्यायाम

याला महागडी साधनं लागत नाहीत.

पहिली गोष्ट बैठक. कोपर पट्ट्यांच्या उंचीला किंवा किंचित वर यावं. कीबोर्ड पलंगावर किंवा उंच टेबलावर ठेवून वाजवणाऱ्या मुलाला खांदे उचलावेच लागतात, त्याला ‘खांदे पाड’ म्हणणं हा अन्याय आहे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकले की पाठ स्थिर होते आणि पाठ स्थिर झाली की हात मोकळे होतात. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसावं.

दुसरी गोष्ट ताण ओळखण्याची. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाक्रमानं सैल करण्याची पद्धत मांडली. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि अर्धा मिनिट काही न करता फक्त हातात काय जाणवतं ते बघा. मग खांदे कानांपर्यंत उचला आणि सोडा. मग जबडा आवळा आणि सोडा. पुढच्या वेळी अर्ध्याच जोरानं आवळा, त्यानंतर पाव जोरानं. खरी गंमत या कमी करत जाण्यात आहे. मोठा ताण कुणालाही कळतो, वाजवताना चोरपावलांनी येणारा बारीक ताण ओळखता यावा म्हणून हा सराव. जो ताण ओळखता येत नाही, तो सोडताही येत नाही.

तिसरा व्यायाम दोघांचा. शिक्षकानं किंवा घरातल्या कुणी मुलाचं मनगट आणि कोपर धरून हात हवेत उचलायचा आणि हळूहळू हलवायचा. सैल हात जड लागतो. तो हलका लागला तर समजायचं, की मूल नकळत स्वतःच तो उचलून धरतंय. आता सांगून हात सोडून द्यायचा. तो मांडीवर पडला पाहिजे. हवेतच राहिला तर हसा, पुन्हा करा. मुलांना हा खेळ आवडतो आणि ‘सैल’ म्हणजे काय हे त्यांना शब्दांवाचून कळतं.

चौथा व्यायाम एका सुराचा. मधल्या बोटानं एक पट्टी वाजवा आणि धरून ठेवा. सूर चालू असताना दाब कमी करत जा, पट्टी वर यायच्या बेतात येईपर्यंत. तिथून केसभर अलीकडे थांबा. पट्टी धरून ठेवायला लागणारा जोर एवढाच. आता मनगट सावकाश वरखाली हलवून बघा. ते हलत नसेल तर अजून कुठेतरी बोट रुतलेलं आहे. पाचही बोटांनी हे करा. करंगळीच्या वेळी खांदा वर येतो का, अंगठ्याच्या वेळी बाकीची बोटं ताठ उभी राहतात का, हेही बघा.

पाचवा व्यायाम थांबून वाजवण्याचा. एक सूर वाजवा, सोडा, सगळं सैल झालं का पाहा, मगच पुढचा. असं एक ओळ न्या. जमलं की दोन-दोन सुरांनंतर थांबा, मग चार-चार. थांबण्याची जागा हळूहळू इतकी लहान होते, की ऐकणाऱ्याला ती कळत नाही, हाताला मात्र कळते. जलद वाजवणाऱ्या चांगल्या वादकाचा हात थकत नाही तो यामुळेच. त्याची विश्रांती सुरांच्या मधे दडलेली असते.

सहावा व्यायाम सप्तकाचा. अंगठा आणि करंगळी ताणून सप्तक वाजवलं, की हात लगेच मिटू द्या, मगच पुढचं सप्तक. दोन सप्तकांच्या मधे हात उघडाच ठेवणं हे कोपराखालच्या दुखण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

आणि श्वास. अवघड जागा आली की आपण श्वास रोखतो, जीभ टाळूला लावतो, दात आवळतो. त्या जागेवर पेन्सिलीनं खूण करून तिथे मुद्दाम श्वास सोडायची सवय लावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाणी प्या. हा वेळ वाया जात नाही.

या सगळ्यांत आरशाचा उपयोग करा, असंही मी सांगेन. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा टास्मानियात जन्मलेला नट. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरांना दोष सापडेना, तेव्हा त्यानं आरशासमोर उभं राहून स्वतःला पाहायला सुरुवात केली. बोलायला तोंड उघडण्याआधीच आपण मान मागे खेचतो, हे त्याला दिसलं. स्वतःला मात्र आपण सरळ उभे आहोत असंच वाटत होतं. त्यातून त्यानं उभी केलेली पद्धत आज लंडनच्या मोठ्या संगीत विद्यालयांत शिकवली जाते. तिचं सार असं, की नवीन काही करण्याआधी जुनं जे नकळत करतो ते थांबवायला शिका. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. बाजूनं पाच मिनिटांचं चित्रण करून पाहिलं तरी खांदा, मान आणि मनगट सगळं सांगून टाकतात.

जिथे सैल करून भागत नाही

इथे एक इशारा दिला पाहिजे, कारण व्यायामाच्या नावाखाली दुखणं अंगावर काढणारेही कमी नाहीत. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लाइशर यांनी १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. १९६४ च्या सुमारास, पस्तीस-छत्तीसाव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. आधी त्यांनी तेच केलं जे आपण सगळे करतो. आणखी सराव. त्यानं ते बिघडतच गेलं. पुढची तीसेक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचं संचालन करत राहिले. हा ‘फोकल डिस्टोनिया’ असल्याचं निदान व्हायला फार उशीर झाला. १९९० च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि खोलवर केलेलं मर्दन यांनी बोटं थोडी उघडली आणि २००४ मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेली त्यांची ध्वनिमुद्रिका आली. आजार गेला नव्हता, आटोक्यात आला होता. २०२० मध्ये ते वारले.

फोकल डिस्टोनिया हा साधा स्नायूंचा ताण नव्हे. हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत तो बिघाड असतो आणि वर सांगितलेल्या व्यायामांनी तो बरा होत नाही. म्हणून बोटात मुंग्या येणं, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पकड कमी होणं किंवा बोट स्वतःहून वळणं यांपैकी काही दिसलं, तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा. तेल चोळून आणि क्रेप बँडेज बांधून परीक्षेला बसवू नका.

दुखणाऱ्या वादकांची संख्याही थोडीथोडकी नाही. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांमधल्या २,२१२ वादकांची एक पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. वाजवण्यावर परिणाम होईल इतपत गंभीर किमान एक शारीरिक तक्रार असल्याचं त्यांतल्या ७६ टक्के जणांनी सांगितलं होतं. हे पोट भरण्यासाठी वाजवणारे, उत्तम शिकलेले लोक. काम जाईल, कच्चे म्हणतील, या भीतीनं वर्षानुवर्षं गप्प बसलेले. फ्लाइशर आणि त्यांच्यासारखाच उजवा हात गमावलेले गॅरी ग्राफमन उघडपणे बोलू लागले, तेव्हा कुठे वादकांच्या आजारांकडे वैद्यकशास्त्र वेगळं लक्ष देऊ लागलं.

दुसरी गोष्ट मापाची. पियानोवरचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर रुंद असतं. मोठ्या पंजाच्या पुरुषाला ते सहज झेपतं, दहा वर्षांच्या मुलाला किंवा लहान पंजाच्या बाईला तेच शरीर ताणून गाठावं लागतं. गेल्या शतकातला दिग्गज वादक योसेफ हॉफमन याचे हात लहान होते. स्टाइनवे कंपनीनं त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. आपल्या वाट्याला असा पियानो येणार नाही, पण हातात न मावणारा कॉर्ड तोडून वाजवायची किंवा त्यातला एक सूर सोडायची मुभा तर देता येते. वाद्याच्या मापाचा दोष मुलाच्या मेहनतीवर टाकू नये.

जबाबदारी कुणाची?

मला खरा प्रश्न इथे दिसतो. परीक्षेत सूर, लय, नाद आणि मांडणी यांना गुण असतात. आवळलेल्या खांद्यांचे गुण कुणी कापत नाही. पालक वर्षाला एक ग्रेड मोजतात, शिक्षक निकाल मोजतात आणि मूल मधल्यामध्ये दात आवळून वाजवत राहतं. दुखतंय म्हणालं तर ‘सवय होईल’ असं उत्तर मिळतं. मग एक दिवस ते शिकवणी सोडतं आणि आपण म्हणतो, आवड नव्हती. कितीतरी मुलांची आवड होतीच. शरीरानं हात टेकले होते.

पहिल्या पिढीतला विद्यार्थी यात जास्त भरडला जातो. ज्या घरात आधी कुणी हे वाद्य वाजवलेलं नाही, तिथे चूक कुठली आणि दुखणं कुठलं हे ओळखणारं कुणी नसतं. फी जमवून शिकवणी लावलेली असते, त्यामुळे तक्रार करणं म्हणजे नाशुक्री वाटते. मोठ्या पडद्यावरचा नायक घाम गाळून वाजवताना दिसतो आणि मुलाला वाटतं, वाजवायचं असंच असतं.

म्हणून पालकांनी शिक्षकाला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाची बैठक तुम्ही तपासली का? आणि तासातली किती मिनिटं तुम्ही त्याचं शरीर बघता? उत्तर देता येणारा शिक्षक साधा असला तरी त्याच्याकडे मूल ठेवा. चिडणारा शिक्षक कितीही नावाजलेला असला तरी पुन्हा विचार करा. शिक्षकांनाही एक विनंती. ‘सैल सोड’ म्हणायच्या ऐवजी एकदा विद्यार्थ्याचं मनगट हातात घेऊन हात किती जड लागतो ते बघा. पाच मिनिटं जातील, पण त्यात जे शिकवाल ते कुठल्याही वाद्यावर त्याच्या कामी येईल. पेटीवर येईल, तबल्यावर येईल, लेखणी धरतानाही येईल.

तालीम म्हणजे शरीराला कामाची अक्कल देणं. शरीराला गप्प करणं म्हणजे तालीम नव्हे. हात दुखतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. उस्तादानं आणि शागिर्दानं, दोघांनीही ते ऐकायला शिकावं. संगीत शिकणाऱ्यांना ऐकणं तर आलंच पाहिजे.